साहेब दिसतात, पण ऐकू येत नाही

मला एकतीस वर्षांच्या नोकरीत एकच मेमो मिळाला, आणि तोही एका भिंतीमुळे. भिंत विटामातीची असती तर मी तिच्यावर डोके तरी आपटून घेतले असते. पण ही भिंत दिसत नव्हती. आणि न दिसणाऱ्या भिंतीवर डोके नेमके कुठे आपटायचे, हे मला कोणी सांगेना.

साल २०११. सिंदेवाहीला आमच्या कार्यालयात (कोणत्या ते विचारू नका, निवृत्तिवेतन अजून तिथूनच येते) एक दिवस निरोप आला की 'उद्या अकरा वाजता व्हीसी आहे.' आता आमच्या गावात भाताचे संशोधन केंद्र आहे, ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे. तेव्हा व्हीसी म्हणजे कुलगुरू, असा सरळ अर्थ घेऊन मी टेबलावर नवे कापड अंथरले, शिपायाला हार आणायला पिटाळले आणि स्वतः दाढी केली. दुसऱ्या दिवशी कुलगुरूंऐवजी एक टीव्ही आला. त्याच्यावर एक डोळा वटारलेला कॅमेरा. व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, हे तेव्हा कळले. हार वाया जाऊ नये म्हणून शिपायाने तो टीव्हीलाच घातला.

ठीक अकराला पडद्यावर जिल्ह्याचे साहेब उमटले. आम्ही सारे उभे राहिलो. साहेबांचे ओठ हलू लागले, पण आवाज नाही. झाडीपट्टीच्या नाटकात माईक बंद पडला की पब्लिक जे ओरडते ते साहेबांना ओरडता येत नाही. म्हणून आम्ही दर दोन मिनिटांनी एकजुटीने माना डोलावून "होय साहेब" म्हणत राहिलो. पुढे कळले, की साहेब विचारत होते, "मार्चचा अहवाल अजून पाठवला नाही, हे खरे का? हे जाणूनबुजून केले का?" त्यावर आमचे एकमुखी उत्तर, होय साहेब.

इतक्यावर भागले असते. पण साहेबांचा आवाज इकडे येत नव्हता, तरी आमचा आवाज तिकडे खणखणीत पोचत होता. मध्येच शिपाई माझ्या कानाशी लागून म्हणाला होता, "बाबूजी, सायब लय सुटले जी!" आणि मी, गंभीर चेहरा ठेवून, "फार" असे म्हटले होते. मेमो तिसऱ्या दिवशी आला.

नंतर नागपूरहून एक इंजिनियर आला. वय बावीस, पाठीवर दप्तर. त्याने यंत्राच्या चार तारा उपसल्या, परत खुपसल्या आणि निदान केले : "फायरवॉलचा प्रॉब्लेम आहे."

"ते कसं होईन?" शिपाई म्हणाला. "जाळरेषा तं फेब्रुवारीतच मारली जी."

शिपायाचे चुकले नव्हते. आमच्याकडे उन्हाळा लागला की जंगलात वणवे पेटतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाला जाळतो आणि ती ठिणगी डोंगरापर्यंत जाते. म्हणून हिवाळा सरता सरता जंगलातून एक रुंद पट्टा साफ करतात, त्यातला पाचोळा आपणच आधी जाळून टाकतात. पलीकडे वणवा लागला तरी तो त्या उघड्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरतो. ही जाळरेषा. तिच्यामुळे आग अडते, माणूस अडत नाही. गुराखी खुशाल येतो-जातो. इंजिनियरच्या जाळरेषेने मात्र नेमका साहेबांचा आवाजच अडवला होता. असे का, हे त्याने मला सांगितले नाही. ते कळायला मला मुलाची नोकरी लागेपर्यंत थांबावे लागले.

कारण योगायोग असा, की आमच्या चिरंजीवांना पुण्यात ज्या कंपनीत नोकरी लागली, तिचा धंदाच हा. एका कंपनीच्या भिंतीआड असलेल्या यंत्राचे दुसऱ्या कंपनीच्या भिंतीआडच्या यंत्राशी बोलणे करून द्यायचे. त्या मधल्या यंत्राला म्हणतात गेटवे. आमच्या सौ.ने ही बातमी शेजारी दिली ती अशी, "मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत गेटवर आहे." गावात आठवडाभर लोक मला सहानुभूतीने चहा पाजत होते. इंजिनियर होऊन पोरगा चौकीदार झाला, काय करता! पुढे चिरंजीवांनी मला सारे समजावले तेव्हा वाटले, की गावाचे फारसे चुकले नव्हते.

तर हा दूरदर्शनाचा, म्हणजे दुरून दर्शन देण्याचा इतिहास. पहिले साहेब पडद्यावर दिसले ते १९२७ सालच्या ७ एप्रिलला. अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर वॉशिंग्टनला बसले आणि बेल कंपनीच्या लोकांनी त्यांचा चेहरा तारेवरून न्यूयॉर्कला नेऊन दाखवला. आवाज दोन्हीकडून, चित्र मात्र एकाच बाजूने. न्यूयॉर्कच्यांना हूवर दिसले, हूवरना कोणीच दिसले नाही. अठ्ठ्याण्णव टक्के सरकारी बैठका आजही याच तत्त्वावर चालतात. दोन वर्षांनी हूवर राष्ट्राध्यक्ष झाले. व्हीसीने बढती मिळते, हा समज तिथूनच पडला असावा.

१९३६ साली जर्मनीच्या टपाल खात्याने बर्लिन आणि लायप्झिग या दोन शहरांत बघून बोलण्याची खोपटी उघडली. दोघांनी आपापल्या गावच्या खोपट्यात ठरल्या वेळी जाऊन बसायचे. महायुद्धात ती बंद पडली. मग १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल कंपनीने 'पिक्चरफोन' मांडला. लोकांनी रांगा लावून थेट कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या अनोळखी माणसांशी गप्पा मारल्या. १९७० साली पिट्सबर्ग शहरात त्याची सेवा सुरू झाली, भाडे महिन्याला १६० डॉलर. आणि ती साफ आपटली. एक तर ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडेही तेच यंत्र हवे. आणि दुसरे म्हणजे, घरी बसून टेलिफोन घेताना आपण कसे दिसतो ते जगाला दाखवण्याची हौस फार थोड्यांना असते. आमच्या सौ.ला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यांना आधी कळवून का नाही केला फोन? केस विंचरले असते." पिट्सबर्गच्या अपयशाचे इतके थोडक्यात निदान मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

त्या काळी आमच्या सिंदेवाहीला नागपूरहून छोट्या लाइनची गाडी यायची आणि ट्रंक कॉल लागायचा. साधा कॉल लावून माणूस जेवून, झोपून, उठून यायचा. अर्जंटला दुप्पट पैसे. लायटनिंग कॉल म्हणून एक प्रकार होता, तो घरी कोणी गेल्याशिवाय लावत नसत. म्हणजे दिसण्याची गोष्ट सोडा, ऐकू येणे हीच मिळकत होती.

जगात मात्र संगणक एकमेकांना जोडले जात होते, आणि दारे सताड उघडी होती. आपल्या खेड्यांत पूर्वी असत तशी. मग २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम या दारांतून शिरला आणि एका रात्रीत हजारो संगणक आडवे पडले. तेव्हापासून ज्याने त्याने दाराला कडी घातली. भिंती उभ्या राहिल्या. त्यांचे नाव फायरवॉल.

पाठोपाठ दुसरी अडचण आली. इंटरनेटवरचे पत्ते कमी पडू लागले. तेव्हा १९९४ साली एक वाड्याची युक्ती निघाली. वाड्यात बिऱ्हाडे वीस, पण पोस्टाला पत्ता एकच. आतल्या बिऱ्हाडाने पत्र धाडले की दारावरचा गडी त्यावर वाड्याचा पत्ता घालतो आणि वहीत टिपून ठेवतो, की हे मागच्या बिऱ्हाडकरूचे. उत्तर आले की वही बघून नेऊन देतो. ज्याला आतून कोणी पत्रच लिहिले नव्हते असे टपाल बाहेरून आले, तर गडी ते गटारात टाकतो. सोय उत्तम. आतल्यांना सारे जग खुले, आणि जगातला कोणीही आगंतुक थेट माजघरात येऊ शकत नाही.

आणि १९९६ साली, या भिंती चांगल्या छातीइतक्या चढल्यावर, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने संगणकाच्या जाळ्यावरून बघून बोलण्याचा नियम काढला. त्याचे नाव एच. ३२३. नियम पक्का होता, पण तो एकाच इमारतीतल्या जाळ्यासाठी केलेला. म्हणजे स्वयंपाकघरातून ओसरीशी बोलण्यासाठी. त्यात पत्राच्या पाकिटावरच नव्हे तर आतल्या मजकुरातही आपला पत्ता लिहायचा असे : 'मागची पडवी, कणगीशेजारी.' वाड्याच्या गड्याला आतला मजकूर वाचता येत नाही. पलीकडचा बिचारा 'कणगीशेजारी' म्हणून उत्तर धाडतो आणि ते जगभर कणग्या शोधत फिरते. शिवाय चित्र एका दाराने, आवाज दुसऱ्या दाराने, आणि ती दारे कोणती हे बोलणे सुरू झाल्यावर ठरायचे. गड्याला आधी कल्पना नाही. मग तो एखादे दार उघडतो, एखादे उघडत नाही. आमच्याकडे चित्राचे दार उघडे राहिले आणि आवाजाचे बंद. माझा मेमो जिनिव्हात तयार झाला होता, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळले.

यावर लोकांनी काय काय केले? काहींनी भिंतीला हजारो भोके पाडली. मग भिंत कशाला हवी? काहींनी बोलण्याचे यंत्रच भिंतीबाहेर, ओट्यावर नेऊन ठेवले. याचा परिणाम २०१२ च्या जानेवारीत जगासमोर आला. एच. डी. मूर नावाच्या एका सुरक्षातज्ज्ञाने इंटरनेटचा थोडासा भाग चाळला, तर बैठकीच्या खोल्यांतली सुमारे पाच हजार यंत्रे अशी सापडली, की हाक मारताच कोणाला न विचारता आपोआप उत्तर देणारी. वकिलांच्या कचेऱ्या, औषधांच्या कंपन्या. खोलीतला कॅमेरा इकडे-तिकडे फिरवावा आणि टेबलावरचे कागद वाचावेत! ओट्यावर ठेवलेल्या वस्तूचे काय होते हे आमच्या गावात वानरांनी प्रत्येकाला शिकवलेले आहे.

खरा तोडगा मात्र आमच्या गावात ज्याला त्याला ठाऊक असलेलाच निघाला. जंगलाच्या गावी रात्री बाहेर खुडबुड झाली, तर कोणी दार उघडत नाही. वाघ कडी वाजवत नाही हे खरे, पण खात्री कोण करणार? आतला माणूस आधी हाक देतो, "कोन हाय?" हाकेला ओळखीचे उत्तर आले तरच कडी निघते. यंत्रांनाही तेच शिकवले. बाहेर एक विश्वासाचा मध्यस्थ बसवायचा. आतल्या यंत्राने आपण होऊन त्याला हाक द्यायची. गडी वहीत टिपून घेतो. पलीकडचे यंत्रही आपल्या भिंतीआडून त्याच मध्यस्थाला हाक देते. दोन्ही हाकांची उत्तरे म्हणून मध्यस्थ याचे त्याला आणि त्याचे याला देतो. भिंतीला एकही नवे भोक नाही! रिजवे नावाच्या एका कंपनीने हे जमवले. तिला २००४ साली नॉर्वेच्या टँडबर्गने गिळले, आणि टँडबर्गला २०१० साली अमेरिकेच्या सिस्कोने. दरम्यान २००५ साली जिनिव्हाच्या संघाने या हाका देण्याचेही नियम करून टाकले.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. वहीतली नोंद गडी कायम ठेवत नाही. काही क्षण, फार तर काही मिनिटे तिकडून-इकडून काही गेले नाही, की तो समजतो बोलणे संपले, आणि दार लावून घेतो. म्हणून बोलण्यासारखे काही नसले तरी आतले यंत्र मधूनमधून एक रिकामा शब्द बाहेर सोडत राहते. मी जागा आहे, दार लावू नको.

"म्हणजे हुंकार," मी म्हटले.

"काय बाबा?"

"आजी गोष्ट सांगायची तेव्हा तू 'हुं' म्हणायचास. 'हुं' थांबला की ती समजायची, तू झोपलास. गोष्ट बंद."

चिरंजीव थोडे गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं याला किपअलाइव्ह म्हणतात."

आता पडद्यावरचा माणूस हजर समजायचा की नाही? हा प्रश्न मला फक्त मेमोपुरता पडला होता, पण आपल्या महाराष्ट्रातून तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबईच्या एका खटल्यात एक साक्षीदार अमेरिकेतले डॉक्टर होते. ते इथे यायला तयार नव्हते, पडद्यावरून साक्ष द्यायला तयार होते. मॅजिस्ट्रेटने परवानगी दिली. २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. कायदा म्हणतो पुरावा आरोपीच्या समक्ष नोंदवावा, आणि समक्ष म्हणजे समक्ष. शेवटी 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या प्रकरणात न्यायमूर्ती वरियावा आणि अग्रवाल यांनी निकाल दिला, की समक्ष म्हणजे एकाच खोलीत असा अर्थ नाही. दोघांना एकमेक दिसतात, ऐकू येतात, तर ती हजेरीच. (मूळ खटल्यात ते डॉक्टर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातच निर्दोष सुटले.) हजेरीच्या या निकालाची तारीख १ एप्रिल २००३. तरी तो गंभीरपणे घेण्यात आला. सतरा वर्षांनी, ६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत देशभरची न्यायालये पडद्यावरून चालवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले तेव्हा सारे न्यायालयच पडद्यावर हजर झाले.

त्याच एप्रिलमध्ये माझी आई मोरीत घसरून पडली. वय शहाऐंशी. डॉक्टरांनी दीड महिना पलंग सांगितला. पलंगावर पडल्या पडल्या तिने एकच धोशा लावला, नातवाला बोलवा. नातू पुण्याला, मध्ये साडेआठशे किलोमीटर, जिल्ह्याजिल्ह्याच्या सीमेवर पोलीस. मी तिला टाळेबंदी समजावू लागलो, तर म्हणाली, "गेटवर हाय ना तो? मंग त्याले कोन अडवते?"

मग रोज रात्री साडेआठला माझा मोबाईल तिच्या उशाशी, लोट्याला टेकवून उभा राहू लागला. या मोबाईलच्या आतही तीच सारी वाडा-बिऱ्हाडाची व्यवस्था. मोबाईल कंपन्याही अनेक गिऱ्हाइके एकेका पत्त्याआड बसवतात. दोन्ही फोन आतून हाक देतात, म्हणून बोलणे होते. पहिल्या दिवशी आई रागावून भिंतीकडे तोंड करून पडली. "फोटूसंग काय बोलू?" दुसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "आजी, आज मी गोष्ट सांगतो. तू हुं म्हण."

गोष्ट कोणती, तर तिनेच सांगितलेली. लेकीच्या घरी निघालेल्या म्हातारीची, वाटेत वाघ-कोल्हे भेटतात आणि ती परत येताना भोपळ्यात बसून येते, ती. आमचे चिरंजीव दिवसभर त्याच भोपळ्यात बसत. कंपनीचे कागद कंपनीच्या भिंतीआड, हा पुण्यात भाड्याच्या खोलीत. मग प्रत्येक कागद एका बंद पाकिटात घालून जंगलातून न्यायचा, वाघाला भोपळा दिसतो, आतली म्हातारी दिसत नाही. याला म्हणतात व्हीपीएन. आत शिरताना रोज वेगळा आकडा सांगावा लागतो. अलीकडे तर भोपळ्यातून आलेल्यालाही प्रत्येक खोलीच्या दारावर 'तू कोण?' विचारतात, कारण एकदा एखादा कोल्हाच भोपळ्यात बसून आला, तर सारे घर त्याचे.

आईला यातले काही सांगण्याची गरज नव्हती. पलंगावरून "हुं" येत होता. वाघ आला, "हुं." कोल्हा आला, "हुं." भोपळा निघाला, हुं जरा उशिरा. मग बराच वेळ काही नाही. मी फोन उचलायला हात पुढे केला.

"बाबा, बंद नका करू," चिरंजीव हळू आवाजात म्हणाले. "राहू द्या. मी आहे इथे."

तो पलीकडे आपले काम करीत बसला. इकडे आई झोपली होती. दोघांपैकी कोणी बोलत नव्हते, तरी फोन बंद पडला नाही. त्याच्या पोटात तो रिकामा 'हुं' चालला असला पाहिजे. रात्री अकराला डेटा संपला तेव्हा बंद झाला.

जूनमध्ये पास मिळाला आणि चिरंजीव सिंदेवाहीला आले. चौदा दिवस वरच्या खोलीत एकटे राहिले. गच्चीवर रेंज येते म्हणून तिथेच टेबल, वर पावसासाठी ताडपत्री, आणि तिच्याखालून अमेरिकेशी बैठका. एकदा मागे मोर ओरडला तर तिकडच्या साहेबांनी विचारले, 'हा कसला अलार्म?'

पंधराव्या दिवशी तो खाली येऊन आजीच्या पलंगाशी बसला. मला वाटले होते, म्हातारी रडेल, कवटाळेल. तिने त्याच्याकडे पाहिले आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "काल गोष्ट अर्धीच सोडून गेला ना रे?"

म्हणजे तिच्या हिशेबी तो अडीच महिने इथेच होता. सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रे पाहून जे ठरवले, ते तिने पलंगावरून ठरवले होते. मी हा निकाल मनातल्या मनात नोंदवून घेत होतो, तेवढ्यात तिने त्याचा हात हातात घेतला आणि मनगटापाशी बोटांनी चाचपून पाहिला.

"लय वाळला रे तू," ती म्हणाली. "त्याच्यात तं चांगला दिसत होता."